धुराची पारख

फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यातील काळ्या जमिनीचा लौकिक बाहेरच्या जगात केळीमुळे झाला, आणि तो यथार्थही आहे; सावदा स्थानकावरून उत्तरेकडे निघालेल्या केळीच्या वाघिणी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या मुलखाच्या अर्थव्यवहाराचा आधार कोणता हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु ज्या पिकाने येथील माणसाला स्वतःच्या रुचीविषयी अभिमान बाळगावयास शिकविले ते केळी नव्हे, भरिताचे वांगे होय. आणि त्यातही फैजपूरच्या पंचक्रोशीतील बामणोदचे आणि जळगावजवळच्या आसोद्याचे. मी आयुष्यातील कर्ती वर्षे फैजपूरच्या एका अडतीत मुनीम म्हणून काढली. आवक नोंदणे, तोलाई-हमाली वजा करून शेतकऱ्याची पट्टी तयार करणे, सायंकाळी खतावणी पुरी करून रोकड जुळविणे, हे माझे नेमलेले काम. पण हिवाळ्याच्या महिन्यांत माझ्याकडे आणखी एक काम असे, ज्याची नोंद अडतीच्या कोणत्याही वहीत नाही, आणि ज्याने मला दप्तरातील सर्व कामापेक्षा अधिक शिकविले. ते काम म्हणजे वांगी भाजून, चाखून, कोणत्या शेताचा माल ‘निवडक’ म्हणून बाहेर पाठवावा याचा निर्णय देणे.

हे काम माझ्याकडे येण्याचे कारण साधे होते. मुंबई, पुणे, नाशिक येथे नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे थंडी पडू लागली की गावाकडून वांगी मागवीत, आणि त्यांच्या भरीत-पार्ट्यांसाठी पाठवावयाचा माल आमच्या अडतीमार्फत जाई. जो माणूस वर्षभर परमुलखात राहून एका चवीची वाट पाहतो त्याच्या ताटात ती चव उतरली नाही, तर झालेली निराशा पैसे परत केल्याने भरून निघत नाही, हे आमच्या शेठजींना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी ठरविले की, डोळ्यांनी पाहून माल पाठवावयाचा नाही; प्रत्येक शेताच्या पाटीतून दोन-चार फळे काढून संध्याकाळी मागच्या अंगणात भाजावयाची आणि मग काय ते ठरवावयाचे. मी मिरची बेताने खाणारा आणि तंबाखूला न शिवणारा होतो. एवढ्याच योग्यतेवर ती जबाबदारी माझ्यावर आली.

हे वांगे फिकट हिरवे, अंगावर पांढरट रेषा असलेले आणि आकाराने थोर असते. जांभळ्या वांग्याची ज्याच्या डोळ्यांना सवय आहे असा परगावचा गिऱ्हाईक त्याला प्रथमदर्शनी कच्चे समजतो. साल पातळ, गर भरपूर आणि बिया थोड्या, या तीन गुणांवर त्याची सारी थोरवी उभी आहे: पातळ सालीतून आच लवकर आत शिरते आणि भाजल्यावर साल सहज सुटते, भरपूर गरामुळे आत वाफ कोंडून फळ स्वतःच्या रसात शिजते, आणि बिया थोड्या व कोवळ्या असल्यामुळे मागाहून जिभेवर कडवटपणा रेंगाळत नाही. हाताच्या पारखीचे धडे मला अडतीतल्या वृद्ध हमालांनी दिले. पोखरणाऱ्या अळीचे छिद्र प्रथम पाहावे, कारण ते देठाच्या टोपीआड दडलेले असते. टोपी हिरवी आणि काटे ताठ असतील तर खुडणी ताजी समजावी. सालीवरची चकाकी गेली असेल तर फळ जून झाले समजावे. अंगठ्याने हलकेच दाबल्यावर खळगी पडून लगेच भरून आली तर गर कोवळा आहे. आणि सरतेशेवटी फळ तळहातावर तोलावे, ते दिसते त्या मानाने हलके लागले पाहिजे.

या अखेरच्या कसोटीपाशी मी फार विचार केला आहे, कारण तेथे माझ्या पेशाचा आणि माझ्या जिभेचा उघड विरोध होता. अडतीचा सगळा व्यवहार वजनावर चालतो. शेतकऱ्याला दाम वजनाचा, अडत्याला अडत वजनावरील रकमेची, हमालाची मजुरीही वजनाशीच बांधलेली. आणि भरितासाठी जे फळ उत्तम, ते तर आपल्या आकाराच्या मानाने हलके! बियांनी भरलेले, जून होत आलेले, किंवा खुडणीच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी पाजलेले वांगे काट्यावर सरस ठरते आणि विस्तवावर पडल्यावर पाणी सोडून निस्तेज होते. ज्या शेतकऱ्याने खुडणीपूर्वी दोन-तीन दिवस पाणी तोडले, फळ जून होण्याआधी खुडले, आणि सकाळच्या गारव्यात ते गवतावर मांडून आणले, त्याची पट्टी त्याच्या शेजाऱ्यापेक्षा कमी रकमेची निघे. आणि ती पट्टी लिहिणारा हात माझाच असे. बामणोदकडचे एक आप्पा एकदा माझ्यासमोर बसून म्हणाले, “मुनीमभाऊ, पाणी देऊन वजन वाढवता मलाही येतं, पण मग ते वांगं माझ्या घरात कोणी खाणार नाही.” त्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते माझ्या मनात अधिक खोल उतरले.

आता विस्तवाविषयी. खानदेशात भरिताचे वांगे कपाशीच्या काड्यांवर भाजतात, आणि ही केवळ सोय नव्हे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या काड्या उपटून त्यांचे भारे बांधावर रचतात. त्या उन्हाळाभर वाळतात, आणि पावसाळ्यात जो गृहस्थ त्यांना आडोशाखाली ठेवण्याची काळजी घेतो त्याच्याच घरी पुढच्या हिवाळ्यातले भरीत चांगले होते. कपाशीची काडी लाकडासारखी कठीण, पण बोटाएवढी बारीक. ती चटकन पेटते, मोठी ज्वाला देते आणि लवकरच राख होते. त्यामुळे वांग्याला प्रथम ज्वालेचा चटका बसून साल करपते आणि आतला गर मात्र वाफेवर निवांत शिजतो. कोळशाच्या सावकाश धगीवर साल करपण्यापूर्वीच गर सुकू लागतो, आणि गॅसच्या शेगडीवर ज्वाला असली तरी धुराचा अंश नसतो. काष्ठातील लिग्निन हे द्रव्य जळताना फुटून ग्वायाकॉलसारखी जी सुगंधी संयुगे निघतात, त्यांनीच धुराला त्याची ओळखीची चव येते, असे रसायनशास्त्र सांगते. काडी ओली असेल तर जळण अपुरे होऊन तोच धूर तिखट आणि डोळ्यांत पाणी आणणारा होतो, हे सांगावयास मात्र रसायनशास्त्राची आवश्यकता नाही. वांग्यांना तेलाचा हात लावून, सुरीच्या टोकाने दोन-तीन टोचे मारून, ती काड्यांवर मांडावयाची, वरून पुन्हा काड्या घालावयाच्या आणि लांब काठीने फिरवीत राहावयाचे. देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी शिजतो. तेथे काठी सहज रुतली म्हणजे फळ उतरविण्यास योग्य झाले.

उतरविलेल्या वांग्याची साल काढताना त्याला पाण्याचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही, हा आमच्या अंगणातील अलंघ्य नियम होता. करपलेल्या सालीचे कण गराला चिकटतात म्हणून नवखा आचारी ते धुऊन टाकू पाहतो, आणि त्याबरोबर धुराचा अर्धा गुण वाहून जातो. गर ठेचावयाचा तोही लाकडी भांड्यात, लाकडी दांड्याने. वांग्यातील क्लोरोजेनिक आम्लाचा लोखंडाशी संयोग झाला की गर काळवंडतो. आमच्या वडीलधाऱ्यांना त्या आम्लाचे नाव माहीत नव्हते, परंतु लोखंडी खलात ठेचलेले भरीत पंक्तीत वाढावयाचे नसते हे ठाऊक होते. मग केळीच्या पानांच्या तुकड्यांवर प्रत्येक शेताचा गर निरनिराळा मांडला जाई, आणि पानाखाली शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी उलटी करून ठेवली जाई. चिठ्ठ्या ठेवणारा हमाल त्या वेळी मला अंगणात येऊ देत नसे. मी पंक्तीत बसल्यासारखा मांडी घालून बसे आणि प्रथम मीठही न घालता एक घास घेई, नंतर मिठाचे चार कण टाकून दुसरा. दोन पानांच्या मध्ये साध्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि घोटभर पाणी. फोडणी नाही, मिरची-लसूण नाही, शेंगदाणे नाहीत, कांद्याची पात नाही. भरिताला पुढे जे काही वैभव प्राप्त होते त्यातील कशाचाही आश्रय त्या क्षणी वांग्याला मिळता कामा नये, असा माझा आग्रह होता आणि अजूनही आहे. चांगल्या गरात धूर प्रथम नाकाशी येतो, घास गिळण्याच्या सुमारास एक मंद गोडवा उमटतो, आणि त्यानंतर तोंड स्वच्छ राहते. वाईट गरात धूर शेवटपर्यंत वरच तरंगत राहतो, तळाशी काही सापडत नाही, आणि मागे घशात एक खवखव उरते. पहिल्या प्रतीचा गर तंतुमय असूनही चिवट नसतो. हे सर्व ओळखण्यास वर्षे जावी लागतात, पण ओळखता येऊ लागल्यावर त्याविषयी संदेह राहत नाही.

या कामाचे स्वरूप मला नीट उमगले ते एका पाहुण्यामुळे. आमच्या शेठजींचे एक मुंबईस्थित आप्त, व्यापारानिमित्त परदेशी जाऊन आलेले, एका हिवाळ्यात भरीत-पार्टीसाठी आले असता माझी ती चाखणी पाहून जवळ बसले, आणि म्हणाले की, क्यूबात सिगारी पारखणारे लोक हेच करतात. त्यांनी मला सविस्तर सांगितले: बाहेरचे वेष्टनाचे पान निराळे, त्याखालचे बांधणीचे निराळे, आणि आतले भरणाचे निराळे, क्यूबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता अबाहो या भागातील पान सर्वश्रेष्ठ मानले जाते, पाने सुकवून ढिगांत मुरवितात आणि मग पुन्हा ठेवणीत टाकतात, 2000 सालापासून तेथे दरवर्षी मोजक्या संख्येने, अधिक मुरविलेल्या पानांच्या, काही विशेष सिगारी काढल्या जातात आणि शौकीन त्यांची वाट पाहतात. निष्पक्ष पारखी सिगारीवरचा नावाचा पट्टा उतरवून ठेवतो. धूर छातीत न घेता तोंडात खेळवून सोडतो. ओढ सुलभ आहे की अडखळती, जळण सरळ उतरते की एका अंगाने, राख घट्ट आहे की भुसभुशीत, हे पाहतो. आणि पहिल्या, मधल्या व शेवटच्या भागात चव कशी पालटत गेली ते टिपून ठेवतो. आपल्याकडील त्रिचनापल्लीच्या सिगारींचाही विषय त्यांनी काढला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्या विलायतेत इतक्या परिचित होत्या की, 1887 साली प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कथेत तो गुप्तहेर जमिनीवरची राख पाहून ती त्रिचनापल्लीची असल्याचे सांगतो. त्यांनी पुढे केलेली सिगार मी न पेटविताच हुंगून परत केली. वाळल्या गवताचा, जुन्या लाकडाचा आणि किंचित मधाचा असा तो वास होता, आणि त्यामागचे परिश्रम मला तेवढ्यावरूनही जाणवले.

मात्र त्यांचे बोलणे ऐकताना एक भेद माझ्या ध्यानात आला, जो मी त्यांना त्याच अंगणात दाखविला. सिगारीत जे पान चाखावयाचे तेच जळत असते. धूर हा त्याचाच आविष्कार, म्हणून धुरात दोष आढळला तर पानाला, मुरवणीला किंवा वळणाऱ्याच्या हाताला तो लावता येतो. भरितात धूर एका वनस्पतीचा आणि गर दुसरीचा असतो. कपाशीची काडी ओली असल्यामुळे आलेला कडवटपणा बिचाऱ्या वांग्याच्या माथी मारला जाऊ शकतो, आणि उलट, सुक्या काडीच्या सुवासिक धुरामागे पाणचट वांग्याला दडून बसता येते. म्हणून पारख्याने फळ आणि जळण या दोहोंचा न्याय एकमेकांपासून सोडवून केला पाहिजे. याच हेतूने मी सर्व शेतांची फळे एकाच भाऱ्यातील काड्यांवर, एकाच वेळी भाजवून घेई, आणि एक फळ काड्यांऐवजी निव्वळ तव्यावर भाजून तेही पंक्तीत ठेवी, म्हणजे धुरावाचून गर कसा लागतो हे त्याच बैठकीत कळे. पाहुण्यांनी त्या रात्री तव्यावरच्या वांग्याचा घास दोनदा मागून घेतला, आणि कोणते वांगे कोणाच्या शेतातले हे ओळखण्याचा मनापासून प्रयत्न केला.

सिगारीच्या मर्यादित उत्पादनाची मर्यादा कारखानदार ठरवितो. आमच्या वांग्याची मर्यादा ऋतू, जमीन आणि बियाणे ठरवितात. पावसाळ्यात रोपे लावली जातात आणि फळाला खरी चव थंडी पडल्यावरच येते. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणाऱ्या घरांत मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखविला जातो आणि मगच वांगे ताटात येते. या प्रथेत फळाच्या परिपक्वतेचे जे भान आहे ते मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. उन्हे तापू लागली की बिया भरतात, साल जाड होते, आणि मी माझी चाखणी बंद करीत असे, गिऱ्हाइकांची मागणी चालू असली तरी. 2016 साली जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. त्या नोंदणीने नावाचे रक्षण झाले आणि हे फार चांगले झाले. परंतु नाव ज्या गुणाचे आहे तो गुण प्रत्येक पाटीत आहे किंवा नाही, हे पाहण्याचे काम कोणत्याही सरकारी दप्तराने आपोआप होत नाही, त्यासाठी कोणीतरी दररोज विस्तव पेटवून बसावे लागते.

येथे मला फैजपूरच्या 1936 च्या अधिवेशनाचे स्मरण होते. राष्ट्रसभेचे खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, आणि ते खेड्यात भरावे हा गांधीजींचा आग्रह होता. डिसेंबरचा महिना, म्हणजे आमच्या वांग्यांच्या ऐन हंगामाचे दिवस. त्या नगरीच्या सजावटीसाठी नंदलाल बोस यांना बोलाविण्यात आले, आणि त्यांनी बांबूसारख्या गावठी, सहज मिळणाऱ्या साहित्यातून ती उभारली. बांबू त्यापूर्वीही या भागात होताच. त्याच्याकडे पाहणारी तशी दृष्टी नव्हती. कपाशीच्या काडीविषयी मला तेच वाटते. शेताच्या हिशेबात ती टाकाऊ वस्तू, बांध अडविणारी. ज्या कोणी अनाम पूर्वजांनी तिच्या ज्वालेचा आणि तिच्या धुराचा गुण प्रथम हेरला, त्यांची पारख मी कोणत्याही परदेशी तज्ज्ञाच्या पारखीहून तसूभरही कमी मानत नाही.

वजनाचा आणि चवीचा तो विरोध मात्र तसाच सोडून देणे मला पटेना. चाखणीत ज्यांचा माल पहिल्या प्रतीचा ठरतो त्यांना वजनाच्या दामावर किलोमागे काही जादा रक्कम द्यावी, आणि तीही पट्टीवर निराळी ओळ घालून द्यावी, असे मी शेठजींना वारंवार विनविले. निराळी ओळ अशासाठी की, आपल्याला हे पैसे कशाचे मिळाले ते शेतकऱ्याला कळावे. शेठजींनी प्रथम आढेवेढे घेतले, कारण व्यापारात चवीसारख्या अमूर्त वस्तूचा दर लिहून ठेवणे त्यांना धोक्याचे वाटे. परंतु निवडक माल घेणारी गिऱ्हाइके टिकून राहिली तेव्हा त्यांनी ते मान्य केले. ती रक्कम मोठी नव्हती, तरी आदल्या दिवशी पाणी देण्याची रीत त्यानंतर अनेक शेतांतून कमी झाली, हे मी आवकेच्या पाट्यांवरून सांगू शकतो.

पुढे एकदा मी बामणोदच्या त्या आप्पांच्या शेतावर गेलो असता सऱ्यांमधून काही झाडांना रंगीत चिंध्या बांधलेल्या दिसल्या. ती बियाण्यासाठी राखलेली झाडे होती. त्यांच्यावरची काही फळे न खुडता पिवळी होईपर्यंत ठेवावयाची आणि त्यांचे बी पुढच्या वर्षाला धरावयाचे. ही झाडे कोण निवडते, असे मी विचारले, तेव्हा आप्पांनी घराकडे बोट दाखविले. त्यांच्या घरच्या काकू प्रत्येक सरीतील एकेक फळ चुलीवर भाजून पाहत, ज्या झाडाचे फळ मनास येई त्याला जाऊन चिंधी बांधीत, आणि माहेरून आणलेले वाण शेजारच्या वाणात मिसळू नये म्हणून ती झाडे शेताच्या मधोमध निवडीत. मी अंगणात चिठ्ठ्या झाकून जो निर्णय अनेक हंगाम देत होतो, तो त्यांनी लागवडीच्याही आधी देऊन ठेवलेला असे. त्यानंतर दर हंगामाच्या आरंभी, जादा दराची ओळ पट्टीवर घालण्यापूर्वी, मी बामणोदला जाऊन काकूंच्या ओसरीवर बसे आणि यंदा कोणत्या सरीला चिंध्या आहेत ते त्यांना विचारून घेई.